गळती कोणाच्या खात्यात?

पाण्याच्या मीटरवरचा आकडा आधी तो वाचायचा, मग मी. आपापल्या वहीत लिहायचा, वह्या बदलायच्या, एकमेकांच्या वहीत सही करायची. मग तो त्याच्या मोटारसायकलवर उत्तरेला, मी माझ्या मोटारसायकलवर दक्षिणेला. २०१८ च्या मार्चपासून पाऊस लागेपर्यंत रोज पहाटे साडेपाचला हा कार्यक्रम चालला. तो वरच्या गावच्या नगरपरिषदेचा पाणीपुरवठा अभियंता, मी खालच्या. पहिले दहा दिवस आम्ही आकड्यापलीकडे एक शब्द बोललो नाही. अकराव्या दिवशी तो थर्मासमध्ये चहा घेऊन आला.

गावांची नावं लिहीत नाही. त्या भांडणातली बरीच माणसं अजून एकाच बाजारात भाजी घेतात. एवढं पुरे की दोन्ही गावं वऱ्हाडातली. वरचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला, संत्र्याच्या बागा, पानमळे आणि पानपिंपरीच्या मुलखात. आमचं त्याच्या खाली, पूर्णा नदीकडे, खारपाणपट्ट्यात.

हा खारपाणपट्टा बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही जमीन. बोअर घेतली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक म्हणतं. आमच्या बाजाराजवळच्या बोअरचा अहवाल चार हजारांच्या वर आला होता. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहात दूध घातलं की फाटतं.

म्हणून आमच्याकडे पाण्याच्या बाबतीत एकट्याने संसार करणं कोणत्याच गावाला जमलेलं नाही. योजनांची नावंच ऐका: वान धरणावरची ८४ खेडी, जळगाव जामोद-संग्रामपूरकडची १४० गावं, शहानूर धरणावरची १५६ गावं आणि त्याच नळावर दर्यापूर, अंजनगाव सुर्जी ही दोन शहरं. लोक बोलतानाही ‘चौऱ्यांशी खेडीचं पाणी आलं का?’ असंच विचारतात. घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनंतर पाणीपुरवठा हा पंचायतीचा आणि नगरपरिषदेचा विषय झाला. कागदावर ज्याचा तो मालक. आमच्या नळाची खरी चावी मात्र पंचवीस किलोमीटरवर, दुसऱ्याच्या हद्दीत.

आमची योजना त्यातलीच, पण लहान. पायथ्याच्या धरणातून पाणी, तिथेच फिल्टर प्लांट, पुढे सगळं उताराने. पंपाचं बिल नाही, ही सातपुड्याची कृपा. फिल्टर प्लांटपासून चौदा किलोमीटरवर फाटा. तिथून एक फांदी वरच्या गावाला, दुसरी अकरा किलोमीटर खाली आमच्याकडे, आणि वाटेत नऊ ग्रामपंचायती. बांधणाऱ्या खात्याने बरीच वर्षं योजना चालवली आणि मग कळवलं की आता तुम्ही मिळून चालवा, संयुक्त समिती करा. पत्र आलं २०१७ च्या पावसाळ्यात. त्या वर्षी पश्चिम विदर्भात पावसाने दगा दिला होता. १५ ऑक्टोबरचा धरणसाठा बघून वर्षाचं नियोजन ठरतं. त्या दिवशीचा आकडा पाहून माझा मुख्याधिकारी नुसता ‘हं’ म्हणाला.

फेब्रुवारीत आमच्या गावाला नवव्या दिवशी नळ येऊ लागला. नवव्या दिवशी म्हणजे घरातलं प्रत्येक भांडं, बादली, पातेलं, पाहुण्यांसाठी ठेवलेली पितळी घागरसुद्धा भरून ठेवायची. नगरपरिषदेवर घागर मोर्चा आला. त्यात माझी सख्खी मावशी होती. आमचे नगरसेवक म्हणायचे, वरचे लोक नळाच्या पाण्यावर संत्र्याच्या बागा जगवून रायले. वरचे म्हणायचे, खालच्यांना पाणी कितीही द्या, ते मातीत जिरवतात. फाट्यावरच्या मीटरप्रमाणे आम्हाला बिल लागायचं, आणि टाकीत तेवढं पाणी पडत नाही हे मी कधीपासून ओरडत होतो. किती कमी पडतं, असं कोणी विचारलं की मात्र माझ्याकडे उत्तर नसायचं.

पहिली बैठक प्रांतांच्या दालनात झाली, कारण कोणत्याही नगरपरिषदेच्या सभागृहात जायला दुसरी तयार नव्हती. प्रांत तरुण होते आणि तयारी करून आले होते. ठाणे जिल्ह्यातल्या ‘स्टेम’ची फाइल त्यांनी टेबलावर ठेवली. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि वाटायचं, म्हणून शहाड-टेमघरवरून नाव स्टेम. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद अशा चौघांनी मिळून त्यासाठी कंपनीच केली. मला त्यातली एकच गोष्ट आवडली: शहरांच्या बरोबरीने जिल्हा परिषद, म्हणजे खेड्यांचं पाणी, भागीदार म्हणून टेबलावर बसलेलं. बाकी कंपनी, संचालक मंडळ, भागभांडवल हे ऐकून वरच्या गावचे एक ज्येष्ठ नगरसेवक म्हणाले, “साहेब, आमच्या दोन नगरपरिषदांले मिळून एक झेरॉक्स मशीन घेता येत नाही, कंपनी काय काढता?” सगळे हसले. त्या बैठकीत एकमताने झालेली तेवढीच गोष्ट.

मग ठराव. दोन नगरपरिषदांच्या सर्वसाधारण सभांचे दोन, ग्रामपंचायतींचे नऊ. आमच्या सभेत ठराव तिसऱ्या वेळी मंजूर झाला, कारण पहिल्या दोन वेळा गणपूर्तीच नव्हती. करारनाम्याचा मसुदा मी आणि वरच्या अभियंत्याने करायचा असं ठरलं. आम्ही तो ईमेलवर केला, समोरासमोर नाही.

लोकसंख्या कोणती धरायची यावर तीन आठवडे गेले. आम्ही २०११ ची जनगणना म्हणत होतो, ते म्हणत होते आमचं गाव त्यानंतर वाढलं, नवीन लेआउट पडले. मग माणशी किती लिटर? सरकारी मापं अशी, की सार्वजनिक नळावरच्या खेड्याला ४० लिटर, घरोघर नळ पण भुयारी गटार नाही अशा शहराला ७०, भुयारी गटार असेल तर १३५. दोन्ही गावांत भुयारी गटार नव्हतं, तरी वरच्यांनी १३५ लिहिलं होतं, कारण गटाराचा प्रस्ताव मंजुरीला गेलेला. मी उत्तरात लिहिलं की आमचाही प्रस्ताव आहे, गेल्या बारा वर्षांपासून. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘७० मान्य.’ तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा माणूस बरा असावा.

दुसऱ्या बैठकीला नऊपैकी एकाच गावाच्या सरपंच आल्या. आमच्या फांदीवरचं, शेवटून दुसरं गाव. ताईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्रांतांच्या पुढ्यात ठेवली. “हे आमच्या हापशीचं. प्या.” प्रांतांनी घोट घेतला आणि गिळताना डोळे मिटले. ताई म्हणाल्या, “तुमचा नळ आमच्या वावरातून जाते. फुटला का आमचंच वावर चिखल होते. पाणी मात्र शहरात जाते. मसुद्यात आमच्यासाठी काय लिवलं?” मसुद्यात लिहिलं होतं: वाटेवरील ग्रामपंचायतींना उपलब्धतेनुसार. हा शब्द मीच टाकला होता. लिहिताना फार समंजस वाटला होता. त्या दिवशी कळलं की ‘उपलब्धतेनुसार’ म्हणजे ‘उरलं तर’. मुंबईची तहान भागवणारी तानसा, भातसा धरणं ज्या शहापूर तालुक्यात, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे वाचून हळहळणारा मी, स्वतःच्या मसुद्यात तेच करून बसलो होतो. तो शब्द काढला. गावांचा वाटा लिटरमध्ये लिहिला आणि समितीत त्यांचे दोन प्रतिनिधी घेतले. त्यातल्या एक ताई.

पण सगळं अडलं ते गळतीवर.

हिशोब जुळत नव्हता. फिल्टर प्लांटवरून निघालेलं पाणी आणि सगळ्यांना मिळून पोचलेलं पाणी यात मोठी तूट होती. वरचे म्हणत होते, तुमची लाइन लांब, गळती तुमच्या खात्यात टाका. मी म्हणत होतो, मीटर चुकीचा आहे, जास्त दाखवतो. ते म्हणायचे, मीटर नवाकोरा, इलेक्ट्रोमॅग्नेटिक, तो कसा चुकेल? यावर रोज पहाटे एकत्र आकडा घ्यायचं ठरलं. पण एकत्र वाचला तरी चुकीचा आकडा चुकीचाच राहतो, हे आम्हा दोघांनाही चहाच्या त्या पहिल्या कपाबरोबर कबूल करावं लागलं. तो म्हणाला, “तुमची टाकी केवढी?”

इथून पुढचा भाग मला नोकरीतला सर्वांत आवडता आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या जलकुंभाचा आतला व्यास १४ मीटर. म्हणजे पाणी एक मीटर चढलं की १ लाख ५४ हजार लिटर आलं. यात वाद घालायला जागा नाही, टाकी खोटं बोलत नाही. आम्ही खाली गावात जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, वाटेवरच्या गावांच्या चाव्या बंद केल्या, टाकीत पट्टी सोडली, तो वर जिन्यावर बसला आणि त्याचा माणूस फाट्यावर मीटरजवळ. एक मीटर चढायला ४८ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात फाट्यावरचा मीटर पुढे सरकला १ लाख ७८ हजार लिटर. मी टाळी वाजवणार होतो. शंभर लिटरचे पैसे देतो आणि टाकीत सत्त्याऐंशीसुद्धा पडत नाहीत, हे पहिल्यांदाच कोणा परक्याच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं होतं.

तो म्हणाला, “थांबा. तूट सिद्ध झाली. मीटर चुकीचा हे कुठे सिद्ध झालं? लाइनच फुटकी असंल तर?”

म्हणून रात्री दुसरा प्रयोग. टाकीच्या तोंडचा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला, वाटेवरच्या गावांच्या चाव्याही पुन्हा बंद केल्या. अकरा किलोमीटरची लाइन भरली, आता पाण्याला जायला कुठे वाट नाही. मीटर शून्यावर यायला हवा. रात्री दीड वाजता आम्ही दोघं फाट्यावर मीटरकडे बघत बसलो होतो. आकडा स्थिर झाला ताशी १८ हजार लिटरवर. सगळं बंद असताना तासाला १८ हजार लिटर पाणी कुठेतरी जात होतं. म्हणजे लाइन फुटकी होती. माझी लाइन.

आणि तरीही सकाळची तूट त्या हिशोबाने ताशी ३० हजारांची होती. उरलेले १२ हजार? निदान तेवढा खोटेपणा मीटरचा. कारण त्याने शोधलं, मी नाही. हा मीटर पाइप पूर्ण भरलेला आहे असं धरूनच मोजतो, आणि फाट्यावर तो नेमका चढाच्या माथ्यावर, वळणाला लागून बसवला होता. पाणी कमी सोडलं की तिथे पाइप अर्धवट भरायचा, वरती हवा, आणि मीटर तरीही भरलेल्या पाइपाचा हिशोब सांगायचा. रात्री लाइन कोंडली तेव्हा पाइप भरला, म्हणून रात्री तो खरं बोलला.

दोन वर्षं मी मीटर, मीटर करत होतो आणि ते गळती, गळती करत होते. दोघेही अर्धे खरे निघालो. परतताना तो म्हणाला, “आता मीटिंगमध्ये काय सांगायचं?” मी म्हटलं, दोन्ही सांगू. आम्ही एकच टिपण केलं आणि खाली दोघांच्या सह्या. त्याच्या नगराध्यक्षांना ते अजिबात आवडलं नाही. माझ्या नगराध्यक्षांनाही नाही.

मीटर उताराच्या पोटात, सरळ लाइनवर हलवला. खर्च निम्मा-निम्मा. कराराचं कलम असं ठरलं: फाट्यापर्यंतची गळती सगळ्यांची, ज्याचा पाण्यात जेवढा वाटा तेवढा गळतीत. फाट्यानंतर ज्याची फांदी त्याची गळती. म्हणजे आमच्यावर जास्त बोजा आला. सभेत मला शिव्या बसल्या. बिनहिशोबी पाणी २० टक्क्यांच्या आत आणावं असं शासनाचं उद्दिष्ट. आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो. पण आता निदान कोणती तूट कोणाची हे माहीत होतं, आणि स्वतःच्या खात्यात पडलेली गळती माणूस फार लवकर शोधतो.

१८ हजार लिटर शोधायला आठ दिवस लागले. काळी माती उन्हाळ्यात तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जमीन सरकली की जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपाचे सांधे निखळतात. त्यात खारी जमीन सीआयडी जॉइंटचे, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या ओतीव लोखंडी सांध्यांचे, नटबोल्ट खाऊन टाकते. पावसाळ्यात गळती दिसते, उन्हाळ्यात भेगेत जिरते. शोधायची खूण म्हणजे हिरवळ. एप्रिलमध्ये करपलेल्या वावरात एखादा हिरवा ठिपका दिसला की खोदा. पाच सांधे सापडले. सहावा ठिपका सांधा नव्हताच. एअर व्हॉल्व्हच्या चेंबरमधून काढलेली अर्ध्या इंची नळी होती, एका गोठ्यापर्यंत गेलेली. गोठ्याचा मालक आमच्याच नगरपरिषदेच्या एका आजी सदस्याचा व्याही. म्हणजे वरच्यांच्या बागांवर बोट दाखवणाऱ्या आमच्या सभेच्या पाहुण्यांकडेच नळी निघाली. ती नळी काढली, एवढंच इथे लिहितो.

त्यानंतर गस्त सुरू केली. एक फिटर वरच्यांचा, एक आमचा, एकाच मोटारसायकलवर, फिल्टर प्लांटपासून आमच्या टाकीपर्यंत, दिवसाआड. एकटा माणूस नात्यागोत्यात अडकतो, दोघं असले की एकमेकांच्या साक्षीने काम करतात. पेट्रोलचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर लेखापालांनी दोन महिने काढले. शेवटी पंधरा दिवस त्यांनी, पंधरा दिवस आम्ही, असं तोंडी ठरलं. तोंडी ठरलेलं ते आजवर चालू आहे, आणि लेखी ठरलेल्या वार्षिक ताळमेळाच्या बैठकीला कोणी येत नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. फाट्याखाली तीन किलोमीटरवर मुख्य लाइन फुटली, ताईंच्या गावाच्या शिवारात. आमच्याकडे त्या मापाचा सुटा जॉइंट नव्हता. मागवायचा तर कोटेशन, मंजुरी, चार दिवस. मी रात्री नऊला वरच्या अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, “स्टोअरमध्ये एक हाये. पण तो आमच्या नगरपरिषदेच्या मालकीचा, बाहेर देता येत नाही.” थोडा थांबला. “माझ्या फिटरबरोबर येते. फिटर बाहेर देता येतो, करारात लिवलं हाये.” जॉइंट फिटरच्या मांडीवर आला. ताईंच्या गावातली पोरं ट्रॅक्टरचे दिवे लावून खड्ड्याच्या काठावर उभी होती आणि खड्ड्यात चार माणसं, दोन इकडची, दोन तिकडची, कमरेएवढ्या गाळात. पहाटे चारला लाइन बसली. ताईंनी चहा पाठवला. गोड्या पाण्याचा, दूध न फाटलेला. खड्ड्यातून काढलेल्या पाण्याचा नाही ना, असं वरच्या फिटरने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, खात्री नव्हती.

पाणी वाटून घेताना औषधही वाटावं लागतं, हे मात्र आमच्या उशिरा लक्षात आलं. फिल्टर प्लांटवर टाकलेलं क्लोरीन शेवटच्या दोन गावांपर्यंत टिकतच नव्हतं. पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या ओ.टी. टेस्टला पिवळी झाक यायची नाही. टोकाच्या नळालाही ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. मधल्या टाकीवर पुन्हा डोस द्यायची सोय केली. त्याचे पैसे वरच्या गावाने का द्यावेत, हा प्रश्न रास्त होता. त्यांनी दिले नाहीत. आम्ही आणि गावांनी भरले.

पुढे वरच्या गावात सत्ता बदलली आणि नव्या मंडळींनी करार फेरविचाराला घेतला. सहा महिने त्यांचा वाटा थकला. इकडे आमच्या सभेत ‘फाटा बंद करा’ म्हणणारे उठले. कोणाचा फाटा, आणि बंद केल्यावर कोण कोरडं राहणार, हे नकाशावर दाखवायला मला दोन सभा लागल्या. थकबाकी अजून पूर्ण फिटलेली नाही. जलजीवन मिशन आल्यावर गावांचं माप माणशी ५५ लिटर झालं. तेव्हा ताई, आता त्या सरपंच नाहीत, पुन्हा बाटली घेऊन आल्या होत्या. या वेळी नळाच्या पाण्याची.

मी निवृत्त झालो. वह्या मात्र चालू आहेत. आता रोज नाही, दर सोमवारी, आणि आकड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. मला त्या गटातून कोणी काढलेलं नाही. गेल्या महिन्यात सलग दोन सोमवार वरच्यांच्या रकान्यात सही दिसली नाही. राहवलं नाही, फोन केला. तोही आता निवृत्तीला आलेला. म्हणाला, पोरीचं लग्न होतं, आकडे दोन्ही वेळचे घेतलेत, लिहून ठेवलेत. मग सही का नाही?

“तुमचा माणूस आला नव्हता ना. एकट्याने कशी करू?”